दोन नोंदी आणि एक स्वल्पविराम



बरेच दिवस काही लिहिणे झाले नाही. मोताळ्यातल्या आमच्या छोट्या वाचनालयाची पुस्तके संगणकावर चढवायचे काम अंगावर घेतले आहे ना! नोंदी मी करते. त्यामागचा प्रोग्राम पुण्याचा भाचा पीएचपी आणि मायएसक्यूएल वापरून लिहितो. मराठी माध्यमातून बीए झालेल्या बाईला यातले काय कळणार, असे तुम्हाला वाटेल. मलाही वाटायचे. पण निम्मा विषय व्याकरणाचाच निघाला.

लेखकांची नावे इंग्रजीतही लिहायची होती. धाराशिवला (तेव्हाचे उस्मानाबाद) २०२० साली झालेल्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या नावापाशी गाडी अडली. इंग्रजीत त्यांच्या आडनावात 'डी'नंतर वर चढलेला एक स्वल्पविराम असतो. वसईच्या, गोव्याच्या कितीतरी आडनावांत तो दिसतो. डेटाबेसच्या भाषेत मजकूर कुठे सुरू झाला आणि कुठे संपला, हे त्याच चिन्हाने दाखवतात. यंत्राला वाटले, नाव 'डी'पाशीच संपले. पुढचे सगळे ते आज्ञा म्हणून वाचायला लागले आणि अडखळले.

श्रुतलेखनात हे नेहमी व्हायचे. मी सांगायची, 'पूर्णविराम', आणि मागच्या बाकावरचा एखादा टिंब देण्याऐवजी वहीत 'पूर्णविराम' असा शब्दच लिहायचा. त्याने आज्ञेला मजकूर समजले, यंत्राने मजकुराला आज्ञा.

मुलाचे हसण्यावारी नेता येते, यंत्राचे नाही. कुणी वाईट हेतूने नावाच्या रकान्यात ते चिन्ह, मग अर्धविराम आणि पुढे 'सगळा तक्ता काढून टाक' अशी आज्ञा लिहिली तर? इथे अर्धविराम म्हणजे एक आज्ञा संपली, दुसरी सुरू. रँडल मनरो यांचे २००७ सालचे एक व्यंगचित्र यावरच आहे. त्यातल्या आईने मुलाचे नावच असे ठेवले, की ते नोंदवताच शाळेतली विद्यार्थ्यांची यादी पुसली गेली! पीएचपीतून मायएसक्यूएलला साध्या पद्धतीने एका वेळी एकच आज्ञा जाते. एका ओळीत अनेक पाठवायला 'मल्टी क्वेरी' वेगळी असते. भाच्याने घाईत नेमकी तीच वापरली होती.

उपाय आपल्या छापील दाखल्यासारखा आहे. वाक्य आधीच छापलेले, रिकाम्या जागी फक्त नाव भरायचे. नावात काहीही असो, वाक्य बदलत नाही. याला 'प्रिपेअर्ड स्टेटमेंट' म्हणतात. रिकाम्या जागी प्रश्नचिन्ह ठेवून आज्ञा आधी जाते, नाव मागून वेगळे जाते.

"मग एकदम अनेक आज्ञा हव्यातच कशाला?" मी विचारले.

"आत्या, पुस्तक परत आलं की दोन नोंदी होतात ना? पुस्तकापुढे 'जमा' आणि सभासदाच्या खात्यातून वजा. मध्येच वीज गेली तर?"

मला एक मुलगा आठवला. फार पूर्वीची गोष्ट, एका शाळेतली. त्याने पुस्तक परत केले, ते पुस्तकांच्या रजिस्टरला जमाही झाले, पण त्याच्या नावापुढची नोंद कुणी खोडली नाही. टीसी न्यायला आला तेव्हा त्याच्याकडे पुस्तकाची किंमत मागितली. वडील मजुरीला जाणारे. पोरगा नुसता "दिलं होतं बाई" एवढेच म्हणत उभा. पुस्तक कपाटातच होते. मी काढून दाखवले तेव्हा टीसी मिळाली. पण तासभर सगळ्यांसमोर तो चोर ठरला होता, एका अर्ध्या नोंदीपायी.

डेटाबेसमध्ये यावर 'ट्रँझॅक्शन' आहे. आज्ञा एका ओळीत कोंबायच्या नाहीत. एकेक, आपापल्या साच्यातून चालवायची. सगळ्या नीट झाल्या तर 'कमिट', एक जरी चुकली तर 'रोलबॅक', म्हणजे सगळे पूर्ववत. या विचाराचा पाया घालणाऱ्यांत जिम ग्रे हे मोठे नाव. त्यांना १९९८ चे ट्युरिंग पारितोषिक मिळाले. मात्र तक्ते 'इनोडीबी' प्रकारचे हवेत, जुन्या 'मायआयसॅम'मध्ये रोलबॅक होत नाही.

भाच्याने सगळे बदलले आणि दोन नोंदींच्या मध्ये प्रोग्राम मुद्दाम तोडून पाहिला. पुस्तक दोन्हीकडे 'बाहेर'च दिसले. मला हायसे वाटले.

तुमच्या गावच्या वाचनालयाचा, पतसंस्थेचा हिशेब संगणकावर असेल, तर प्रोग्राम लिहिणाऱ्याला दोन प्रश्न जरूर विचारा. नावात स्वल्पविराम आला तर काय होते? आणि अर्ध्यात वीज गेली तर खोटे कोण ठरते?