उ मिन्या येस्त

रशियन भाषेत 'माझ्याकडे पुस्तक आहे' असे सांगायचे असेल तर म्हणतात, 'उ मिन्या येस्त क्नीगा.' चार शब्दांचे साधे वाक्य. 'उ' म्हणजे जवळ. 'मिन्या' हे 'मी'चे षष्ठीतले रूप. 'येस्त' म्हणजे आहे आणि 'क्नीगा' म्हणजे पुस्तक. थोडक्यात, 'माझ्यापाशी आहे पुस्तक.' दुकानात, दवाखान्यात, बसमध्ये, शेजाऱ्याच्या दारात रशियन माणूस दिवसभर हेच वाक्य शब्द बदलून वापरत असतो. हे एक वाक्य नीट उमगले की त्या भाषेचे अर्धे दार उघडते, असे आमचे मत झाले आहे.

आम्ही बी.एड. केलेले उर्दू माध्यमाचे शिक्षक. रशियनशी आमचा संबंध येण्याचे तसे कारण नव्हते. पण आमच्या बहिणीचा मुलगा डॉक्टरीच्या शिक्षणासाठी कझानला गेला. तिथे परदेशी मुलांना शिकवतात इंग्रजीतून, परंतु इस्पितळातला रुग्ण बोलणार रशियनच. तेव्हा ती भाषा शिकणे भागच असते. पहिल्या काही आठवड्यांतच त्याचा फोन आला, "मामू, ये जबान मेरे बस की नहीं." आवाज रडवेला होता. बहिणीने त्याच्यासाठी दागिने मोडलेले, घरावर कर्ज काढलेले. तो परत आला असता तर त्या घराचे काय झाले असते, हे आम्हाला ठाऊक होते. म्हणून आम्ही त्याच्या वहीच्या पानांचे फोटो मागवले, एक व्याकरणाचे पुस्तक मिळवले आणि रात्री त्याच्याबरोबर बसू लागलो.

त्याची अडचण रशियनची नव्हतीच. तो प्रत्येक वाक्य आधी इंग्रजीत नेत होता. 'आय हॅव अ बुक' यात 'आय' कर्ता, 'बुक' कर्म. मग रशियन वाक्यातला कर्ता 'मी' कुठे गेला? पुस्तक कर्म असूनही प्रथमेत कसे? आम्ही विचारले, "बेटा, घर में अम्मी को क्या बोलता तू?" तो म्हणाला, "मेरे कने किताब है." मग आम्ही म्हणालो, "बस, रूसी भी यहीच बोलते."

इंग्रजी माणूस वस्तू 'बाळगतो'. आपल्याकडे वस्तू माणसाजवळ 'असते'. मराठीत 'माझ्याकडे पुस्तक आहे', उर्दूत 'मेरे पास किताब है', अरबीत 'इंदी किताब'. या सगळ्या वाक्यांत खरी कर्ती वस्तूच, माणूस फक्त ठिकाण. रशियनचे नेमके हेच आहे. 'बाळगणे' या अर्थाचे 'इमेत' हे क्रियापद तिच्यात आहे, पण ते 'हक्क असणे' अशा पुस्तकी बोलण्यात जास्त भेटते. गंमत अशी की पोलिश आणि चेक या रशियनच्या सख्ख्या बहिणी. पण त्या इंग्रजीसारख्याच वस्तू बाळगतात.

मराठीतला 'कडे' तर या 'उ'चा जुळा भाऊ शोभावा. 'उ ब्राता येस्त क्नीगा' म्हणजे भावाकडे पुस्तक आहे आणि 'या उ ब्राता' म्हणजे मी भावाकडे आलेलो आहे. 'उ नास गोस्ती', आमच्याकडे पाहुणे आहेत. 'आमच्याकडे अशी पद्धत नाही' हेसुद्धा रशियन माणूस 'उ नास' म्हणूनच सांगतो. माल, घर आणि समाज, तिन्ही एकाच शब्दात.

आता नकार पाहू. 'माझ्याकडे पुस्तक नाही' याचे होते 'उ मिन्या न्येत क्नीगी'. 'क्नीगा'चे 'क्नीगी' झाले. म्हणजे पुस्तक प्रथमेतून षष्ठीत गेले. भाचा इथे पुन्हा अडला. आम्ही त्याला असे समजावले की जी वस्तू नाहीच, तिला कर्त्याच्या गादीवर कसे बसवणार? रशियन तिला खाली उतरवते. भूतकाळात हे आणखी स्पष्ट होते. 'उ मिन्या बिला क्नीगा' यात क्रियापद स्त्रीलिंगी, कारण क्नीगा स्त्रीलिंगी. पेन्सिलीला 'करन्दाश' म्हणतात, तो पुल्लिंगी, म्हणून 'बिल'. पत्र म्हणजे 'पिस्मो', नपुंसकलिंगी, म्हणून 'बिलो'. पण नकार आला की 'न्ये बिलो क्नीगी'. कर्ताच उरला नाही, मग क्रियापद नपुंसकलिंगी एकवचनात जाऊन बसते. इथे उर्दू कमी पडते, कारण तिच्यात लिंगे दोनच. मराठीतला तो, ती, ते कामी आला.

आणि 'न्येत' तरी परका कुठे आहे? 'ने' आणि 'येस्त' यांच्या मेळातून तो झाला. संस्कृतात न आणि अस्ति मिळून 'नास्ति', फारसीत 'नीस्त'. आपण मराठीत सर्रास 'नेस्तनाबूद' म्हणतो, त्यातला 'नेस्त' हाच. 'बूद' म्हणजे होता. तो आणि रशियन 'बिल' एकाच मुळाचे, संस्कृत 'भू'च्या घराण्यातले. हे ऐकल्यावर भाचा फोनवर प्रथमच हसला.

पुढे रुग्णांची वाक्ये आली. 'उ मिन्या बलीत गलवा', माझे डोके दुखते. 'उ वास येस्त तेम्पेरातूरा?' म्हणजे तुम्हाला ताप आहे का? ताप आहे की नाही हा प्रश्न असेल तर 'येस्त' येतो; पण ताप किती, कसा हे सांगायचे असेल तर 'येस्त' गळतो, 'उ मिन्या विसोकाया तेम्पेरातूरा', मला ताप जास्त आहे. आणि थंडी वाजली तर 'म्न्ये खोलदना'. 'म्न्ये' म्हणजे चक्क 'मला'. आपल्याला थंडी 'वाजते', त्यांना नुसतीच 'थंड' असते, पण चतुर्थी दोघांची एकच.

कझान ही तातारस्तानची राजधानी. तिथले तातार मुसलमान घरी 'मिनेम किताबिम बार' म्हणतात, 'माझे पुस्तक आहे'. बाळगण्याचे क्रियापद त्यांच्याकडेही नाही. त्यांची भाषा १९२७ पर्यंत अरबी लिपीत होती, मग लॅटिन आणि १९३९ पासून रशियन लिपीत. २०१७ अखेर तिथल्या शाळांतली तातारची सक्ती गेली, आता ती पालकांच्या संमतीवर आहे. पण रशियनने त्या शेजारातून घेतलेले शब्द कोणाच्या संमतीवाचून टिकून आहेत. रशियन घरातली पेटी 'सुन्दूक' आहे, म्हणजे आपली संदूक. प्रवासाची बॅग 'चिमदान', म्हणजे फारसी जामादान.

हे सगळे सांगण्याचे कारण वेगळेच आहे. 'कने' हा शब्द आपल्या मुलांच्या तोंडून शाळेत काढून टाकला जातो. उर्दूच्या तासाला तो गावंढळ ठरतो, मराठीच्या तासाला तो मुसलमानी ठरतो, इंग्रजीच्या तासाला तर त्याला जागाच नसते. मूल दहावीपर्यंत एवढेच शिकते की आपल्या घरात जे बोलले जाते ते कुठेच चालत नाही. आमचा भाचाही हेच शिकून गेला होता. त्याला वाटत होते, आपल्यापाशी इंग्रजी कच्चे, म्हणजे आपल्यापाशी काहीच नाही. प्रत्यक्षात जी किल्ली त्याला हवी होती ती अम्मीच्या स्वयंपाकघरातून सोबतच आली होती. तो आता तिसऱ्या वर्षाला आहे आणि रुग्णांशी बोलतो.

आम्हाला नेहमी विचारले जाते, "तुमच्याकडे घरी कोणती भाषा?" विचारणाऱ्याला एकच नाव हवे असते. आमच्याकडे उर्दू आहे, दखनी आहे, मराठी आहे. आणि आता थोडी रशियनही आहे. उर्दू शाळेतल्या आमच्या शिक्षक बंधू-भगिनींना एवढीच विनंती, की नवे व्याकरण शिकवण्याआधी मुलाला विचारा, 'हे तू घरी कसे म्हणतोस?' आणि त्याचे उत्तर फळ्यावर आधी लिहा.