आबांचे पिंप

प्रत्येक घरात एखादी तरी अशी वस्तू असते, की पाहुण्यांनी तिच्याविषयी विचारले म्हणजे घरातली माणसे एकमेकांच्या तोंडाकडे पाहू लागतात. आमच्या घरी ती वस्तू परसात, पेरूच्या झाडापासून पाचसहा हातांवर उभी आहे. काळे, कमरेएवढे, बुडाशी चार नळ्या फुटलेले लोखंडी पिंप! कुणी म्हणते पाण्याचा बंब, कुणी म्हणते कचरा जाळायची सोय. देहूहून निघालेली तुकोबांची पालखी ज्या आकुर्डीत मुक्काम करते, त्या आकुर्डीतल्या एका माळकऱ्याच्या परसात कोंबडी धुरावर भाजण्याचे यंत्र आहे, हे सांगायचे तरी कसे?

आणि ते यंत्र त्या माळकऱ्यानेच बनवले आहे, हे तर सांगूनही कुणाला खरे वाटत नाही.

सुरुवात माझ्या हौसेने झाली. २०२४च्या दिवाळीनंतर आम्हां चार मित्रांच्या डोक्यात 'बार्बेक्यू'चे वेड शिरले. शेगडीवर शिगा ठेवून भाजायचे नव्हे. तर बंद पिंपात मंद आचेवर आणि धुरावर तीनतीन तास शिजवायचे. मी ग्रंथालयात बसून थोडेफार वाचलेही. हा शब्द कॅरिबियन बेटांवरच्या ताइनो लोकांच्या 'बार्बाकोआ'वरून आला. बार्बाकोआ म्हणजे विस्तवावर उंच बांधलेली लाकडी माची. पुढे त्याच बेटांवर तेलाची रिकामी पिंपे आली आणि त्या लोकांनी त्यांचे सोने केले. जमेकात पिंप उभे चिरून, आडवे ठेवून त्यात कोंबडी भाजू लागले, तर ट्रिनिदादमध्ये १९३० ते १९५०च्या दरम्यान तेच पिंप ठोकून ठोकून त्यातून वाद्य काढले. खुद्द पिंपाची कथाही मौजेची आहे. बहात्तर दिवसांत पृथ्वीप्रदक्षिणा करणारी पत्रकार नेली ब्लाय पुढे अमेरिकेत कारखाना चालवू लागली. तिच्याच कारखान्यातल्या अभियंत्याने १९०५ मध्ये पोलादी पिंपाच्या रचनेचे पेटंट मिळवले. पत्रकारितेने जगाला काय काय दिले पाहा!

आई अलिबागकडची. तिला हे सारे सांगितले, तर भाकरी थापता थापता ती म्हणाली, "म्हणजे लोखंडाची पोपटी की रे!" तिच्या माहेरी थंडीत मडक्यात भांबुर्ड्याचा पाला घालतात, वालाच्या शेंगा, ओवा, मीठ भरतात, तोंड पाल्याने गच्च बंद करून मडके उपडे ठेवतात आणि भोवती जाळ करतात. पाण्याचा थेंब नाही. शेंगा आपल्याच वाफेत आणि पाल्याच्या वासात शिजतात. मी ताइनो लोकांपर्यंत जाऊन आलो होतो आणि आईला ते अलिबागेतच सापडले होते.

प्रश्न होता आबांचा. आजोबा गळ्यात तुळशीची माळ घालतात. घरात मासमटण शिजते. पण त्या दिवशी त्यांचे ताट वेगळे, भांडी वेगळी. ते कुणाला बोलत नाहीत. फक्त ओट्यावर जाऊन बसतात. त्यांना न सांगताच कुदळवाडीच्या भंगारबाजारातून मी एक पिंप टेम्पोत घालून आणले. (ती गोदामे आता राहिली नाहीत, २०२५च्या फेब्रुवारीत महापालिकेने तिथली हजारो अनधिकृत बांधकामे पाडली.) दोनशे लिटरचे, निळे, वरून बंद, टोपणाला दोन बुचे. एका मित्राने ग्राइंडर आणला होता. आम्ही तो लावणार, एवढ्यात ओट्यावरून आवाज आला,

"थांबा! हात लावू नका त्याला!"

आबा इतक्या जोराने बोललेले मी कधी ऐकले नव्हते. ते काठीशिवाय खाली आले, बूच फिरवून काढले, नाक लावून वास घेतला आणि विचारले, "काय होतं यात?"

मला ठाऊक नव्हते. बाजूची चिठ्ठी अर्धी फाटलेली होती.

"मग हे परत जाईल. ज्याच्या पोटात काय होतं ते ठाऊक नाही, त्यात शिजवायचं नाही आणि त्याला ठिणगीही दाखवायची नाही."

त्या संध्याकाळी आबांनी मला जवळ बसवले. १९७२च्या दुष्काळात ते सातारा जिल्ह्यातले गाव सोडून इकडे आले, हे मला माहीत होते. पिंपरी-चिंचवडची नगरपालिका स्थापन होऊन तेव्हा दोनच वर्षे झाली होती. रस्त्याच्या दोन्ही अंगांना कारखाने उभे राहत होते आणि हाताला काम होते. आबा एका लहानशा वर्कशॉपात वेल्डिंग शिकले, हेही माहीत होते. पुढचे मात्र त्यांनी कधी सांगितले नव्हते. तिथे त्यांचा एक जोडीदार होता. दोघे एकाच खोलीत राहत. रविवारी मटण आणत, आळीपाळीने रांधत. एकदा थिनरचे रिकामे पिंप उघडायचे होते. जोडीदाराने गॅसकटर लावला. पिंप रिकामे होते खरे; पण पातळ पदार्थ संपला तरी त्याची वाफ आत कोंडलेली असते, आणि भरलेल्या पिंपापेक्षा तीच वाफ घातकी. झाकण उडाले. जोडीदार राहिला नाही. आबा चार हातांवर उभे होते. त्यांचा उजवा कान गेला.

आम्ही सगळे आबांशी नेहमी डाव्या बाजूने बोलतो. लहानपणापासून बोलतो. ते का, हे मी एकवीस वर्षांत विचारलेसुद्धा नव्हते!

"त्यानंतर मटण गिळवेना," आबा म्हणाले. "आषाढात माळ घातली. लोक म्हणाले, माणूस देवाला लागला."

मला वाटले, आता पिंपाचे नाव काढायचे नाही. पण दुसऱ्या दिवशी सकाळी आबा टोपी घालून तयार. "चल, धड पिंप बघू. तुम्ही पोरं काही ऐकायची नाही. माझ्यामागे कराल, त्यापेक्षा माझ्यासमोर करा."

आम्ही खाद्यतेलाचे पिंप आणले. आबांनी ते सोड्याच्या गरम पाण्याने तीनदा धुवायला लावले, मग काठोकाठ पाण्याने भरले आणि छन्नी-हातोड्याने टोपणाच्या आतल्या कडेने गोल कापायला सांगितले. ग्राइंडर नाही, गॅस नाही. "पाणी भरलं की वाफेला जागा उरत नाही." दीड तास आम्ही आळीपाळीने ठोकत होतो. शेजाऱ्यांना वाटले असेल, ट्रिनिदादचे वाद्यच तयार होत आहे.

मग आत मोठा जाळ करून जुने अस्तर आणि रंग जाळून काढला. पॉलिश पेपरने घासघासून लोखंड उघडे केले आणि आतून गोडेतेलाचा हात फिरवला. कोळशासाठी मी चकचकीत जाळी आणली होती. आबांनी ती नखाने खरवडली आणि बाजूला टाकली. "जस्ताचा मुलामा आहे. तापली की जस्ताचा धूर होतो. वेल्डरला विचार, रात्री थंडी वाजून ताप कसा भरतो ते!" मग साध्या लोखंडी जाळीची टोपली केली. बुडापासून चार बोटांवर पाऊण इंची चार भोके पाडून त्यांत नळीचे तुकडे बसवले; तिघांना टोपणे आणि एकाला बॉल व्हॉल्व्ह. कोळशाच्या वर साठ सेंटिमीटरवर अन्नाची जाळी. झाकण तोंडावर नीट बसावे म्हणून त्याच्या कडेला पत्र्याची पट्टी जोडायची होती. ती आबांनी स्वतः वेल्ड केली, किती वर्षांनी कोण जाणे. सांधा जरा वेडावाकडा आला. काच वर करून त्यांनी तो पाहिला आणि एवढेच म्हणाले, "हात गेला."

लाकडाचा प्रश्न उरला. चाकणच्या गोदामात काम करणाऱ्या मित्राने फुकटच्या फळ्या आणल्या होत्या. त्यानेच दाखवले, की परदेशी मालाखालच्या फळ्यांवर शिक्का असतो. 'एचटी' म्हणजे नुसती उष्णतेने शेकलेली, 'एमबी' म्हणजे मिथाइल ब्रोमाइड ह्या विषारी वायूची धुरी दिलेली. आमच्या फळ्यांवर 'एमबी' होते. त्या परत गेल्या आणि परसातल्या पेरूची छाटलेली वाळकी फांदी कामाला आली.

उद्‍घाटनाच्या दिवशी आबांनी अट घातली. "पहिला घास माझा. त्याच्या आधी त्यात मास जाणार नाही." म्हणून वांगी, कांदे आणि मक्याची कणसे जाळीवर मांडली. मी उत्साहाच्या भरात चारही नळ्या उघड्या ठेवल्या. काटा पाहता पाहता दोनशे अंशांच्या पुढे गेला, झाकणातून पांढरा, डोळ्यांना झोंबणारा धूर येऊ लागला आणि पहिली वांगी कोळसा झाली.

"आगीची भूक मोठी असते," आबा म्हणाले. "तिला घास लहान द्यायचा."

त्यांनी तीन नळ्यांना टोपणे लावली, व्हॉल्व्ह अर्धा फिरवला आणि खुर्ची ओढून बसले. अर्ध्यापाऊण तासाने काटा एकशेवीसच्या खाली उतरला. धूर पातळ झाला, निळसर झाला. सारे यंत्र एवढेच आहे: जेवढी हवा तेवढी आग. आत कोळसा कितीही असो, प्राणवायू मोजून दिला, की तो पाचसहा तास गुमान जळतो; आणि लाकूड भडकून न जळता धुमसले, की त्याचा सुवास अन्नाला लागतो. पेटवणे कुणालाही येते. अर्धे मिटून ठेवणे शिकावे लागते.

दुसऱ्या खेपेच्या वांग्यांचे भरीत आईने केले. आबांनी दोन भाकरी खाल्ल्या, हात धुतले आणि पिंपाच्या कडेवर टिचकी मारली. "झालं. आता ते तुमचं."

दुपारी आम्ही कोंबडी ठेवली. तिच्या मांसात चौऱ्याहत्तर अंश भरेपर्यंत झाकण उघडायचे नाही, असे ठरले होते. आबा वाऱ्याच्या विरुद्ध अंगाला, ओट्यावर जाऊन बसले, पाठ आमच्याकडे करून. मला वाईट वाटले. एवढा खटाटोप त्यांनी केला आणि आता आम्ही इकडे, ते तिकडे! जोडीदाराची आठवण येत असेल काय? विचारायला मी त्यांच्या डाव्या बाजूला जाऊन बसलो. पण शब्द फुटेना. तेही काही बोलले नाहीत. हातात जपमाळ होती, मणी सरकत होते. थोड्या वेळाने त्यांनी मान किंचित वळवली, पिंपाकडे पाहिले आणि एकदम ओरडले,

"अरे, पांढरा झाला धूर! बघताय काय, हवा दे त्याला!"

मी पळालो.

पालखीच्या दिवसांत पिंपावर ताडपत्री टाकतात. ती आबाच टाकतात. दोरी आवळण्याआधी आतून पुसतात आणि तेलाचा हातही फिरवतात. गंज चढू नये म्हणून, असे म्हणतात.