मोकाट फांदी

नारायणगावात कात्री हाताला ओळखीची नाही असा बागाइतदार सापडायचा नाही. एप्रिलात खरड छाटणी, सप्टेंबर-ऑक्टोबरात फळछाटणी, मधल्या काळात बगलफुटी काढणं, शेंडे मारणं, मग घडांची विरळणी. युरोपातला द्राक्षवेल थंडीत पानं टाकून झोपतो, तिथे वर्षाला एक छाटणी पुरते. दख्खनच्या उन्हात तो झोपतच नाही, म्हणून इथे त्याला दोनदा कापावं लागतं. अशा या गावातल्या एका बागाइतदाराने शाळकरी वयापासून एक वड कुंडीत सांभाळला आहे, आणि त्यात त्याला सगळ्यात जड गेलं ते कात्री खिशात ठेवणं.

वड आला तो मळ्यातल्या जुन्या विहिरीतून. बुलबुल, कोकीळ, तांबट वडाची फळं खातात आणि बी कुठल्या तरी दगडाच्या फटीत टाकून मोकळे होतात. माती नाही, पाण्याचा नुसता ओलावा, तरी रोप तग धरतं आणि पुढे मुळांनी चिरे सरकवायला लागतं. किल्ल्यांच्या तटबंदीवर काम करणाऱ्यांना हे दुखणं पाठ असतं. विहिरीची डागडुजी निघाली तेव्हा वडिलांनी गवंड्याला बजावलं, “बुडासकट काढ, मूळ राहिलं तर पुन्हा येईल.” गवंड्याने काढलं. पोराने ते उचललं आणि रंगाच्या रिकाम्या डब्यात लावलं.

आईला ते मुळीच पटलं नाही. “वड पारावर असतो रे, डब्यात कुठं लावतात?” पण पिंपळ असता तर तिने तो उंबऱ्याच्या आत येऊ दिला नसता. वडावर भागलं.

आज बोन्सायवाले अशी भिंतीतली रोपं शोधत फिरतात. फटीत वाढलेल्या रोपाला सोटमूळ खाली सोडायला जागा नसते. ते मुळं आडवी पसरतं आणि बूड चपटं, रुंद होतं. पानं पाच-सहाच, पण बुंध्याचं वय दिसतं. बियांपासून वाढवलेल्या रोपाला हे रूप यायला फार वर्षं लागतात. पोराला यातलं काही ठाऊक नव्हतं. त्याला फक्त वाकडं खोड आवडलं होतं.

पुढे शिक्षणासाठी पुण्यात असताना त्याने एम्प्रेस गार्डनच्या जानेवारीतल्या पुष्पप्रदर्शनात बोन्सायचे ट्रे पाहिले. डब्यातल्या वडाला नाव मिळालं, आणि पुस्तकं चाळणं सुरू झालं. पुस्तकं बहुतेक जपानी परंपरेतली. मेपल, पाइन, हिवाळ्यात झोपणारी झाडं. त्यांत लिहिलेली वेळ पाळली तर वडाची माती ऐन थंडीच्या शेवटी बदलायची. नारायणगावच्या थंडीत मात्र वड अंग चोरून बसलेला असतो. तेव्हा मुळं कापली तर सावरायला त्याच्याकडे जोर नसतो. वडाचा खरा काळ मे अखेर ते जुलै. हवा गरम, वर पाऊस, कापलेल्या जागेवर साल चढताना दिसते. दख्खनचं पंचांग पुस्तकात नव्हतं, द्राक्षाच्या सवयीने ते त्याला आपोआप सुचलं: झाड कधी जोरात आहे ते आधी बघ, मग हात लाव.

माती बदलताना त्याने एक साधी युक्ती केली. बुडाखाली शहाबादी फरशीचा तुकडा ठेवला. मुळं खाली जाऊ शकली नाहीत, चारी बाजूंना पसरली. वर विटांचे खडे, मुरूम, थोडं कुजलेलं शेणखत. पाणी थांबता कामा नये.

इथे एक गैरसमज काढलेला बरा. बोन्साय म्हणजे झाडाला उपाशी ठेवणं, असं अजूनही बरेच लोक मानतात आणि ‘झाडाचा छळ’ म्हणून मान हलवतात. वस्तुस्थिती उलटी आहे. उथळ ट्रेमधल्या झाडाला खत आणि पाणी जमिनीतल्या झाडापेक्षा जास्त काळजीने द्यावं लागतं. एप्रिलच्या उन्हात दिवसातून दोनदा. उपाशी झाडाला छाटणी सोसत नाही. शिवाय ज्या गावात एकरच्या एकर वेली एप्रिलात नुसत्या खुंटांवर आणून ठेवतात, तिथे एका वडासाठी हळहळणं जरा गमतीचंच. वेलीच्या कापातून पाणी ठिपकतं, वडाच्या कापातून पांढरा चीक येतो. फरक एवढाच की चीक डोळ्यांत भरतो.

पण द्राक्षाच्या आणि वडाच्या छाटणीचा हेतू वेगळा आहे, आणि ते उमगायला त्याला वेळ लागला. द्राक्षात एप्रिलला कापलं की नव्या काडीच्या डोळ्यात पुढच्या हंगामाचा घड ठरतो. म्हणजे कात्रीचा हिशेब वर्षात चुकता होतो. वडाचा बुंधा मात्र कापून जाड होत नाही. तो जाड होतो न कापल्याने. पानं जितकी जास्त, तितकं अन्न खाली उतरतं आणि खोडाला वळ चढत जातात. म्हणून बोन्सायमध्ये एखादी फांदी मुद्दाम मोकाट सोडतात. ती झाडाच्या आकाराला शोभत नाही, वाटेल तिथे जाते, उंच होते. तिच्याकडून बुंध्याला जाडी मिळाली की ती बुडातून काढून टाकायची. चीनच्या दक्षिणेतल्या लिंगनान परंपरेत फांद्या तारेने वाकवण्यापेक्षा वाढू द्यायच्या आणि कापायच्या, पुन्हा वाढू द्यायच्या, अशीच रीत आहे. वडाच्या कुळातल्या झाडांना ती फार मानवते. तार लावली तर ती सारखी बघावी लागते, कारण वड झपाट्याने जाड होतो आणि तार सालीत रुतते.

त्यानेही आपल्या वडाची एक फांदी अशीच सोडली. या मोकाट फांदीने त्याच्या घरात बराच वाद घडवला. पाहुणा आला की विचारणार, “हे एवढं वर काय वाढलंय? छाटत का नाहीस?” द्राक्षवाल्याला हे ऐकून घेणं सोपं नाही.

पानांची गोष्ट निराळी. वडाचं पान हाताएवढं. छोट्या झाडावर ते शोभत नाही. उन्हाळ्याच्या शेवटी सगळी पानं देठ ठेवून कापली तर तीन-चार आठवड्यांत नवी पालवी येते, आणि ती लहान असते. मात्र झाड तगडं असेल तरच. आणि नेमकी वटपौर्णिमा ज्येष्ठात येते. एका वर्षी शेजारच्या बायका सूत घेऊन आल्या तेव्हा वड उघडाबोडका होता. “सणाला देवाचं झाड असं?” आई म्हणाली. तेव्हापासून पानं मे महिन्याच्या पहिल्या पंधरवड्यात निघतात, म्हणजे पौर्णिमेला पालवी तयार. गावात पाराचा वड असूनही काही जणी इकडेच येतात. कुंडीभोवती फेऱ्या मारणं सोपं जातं म्हणून असेल.

पानं लहान करता येतात, फळं नाहीत. शेजाऱ्याच्या उंबराच्या बोन्सायला बुंध्यावरच उंबरं लागतात, जमिनीतल्या झाडाच्या आकाराची. बाकी झाड वीतभर, फळं मात्र पूर्ण वाढीची, बघणारा हसतोच.

नंतर त्याने एक नांद्रुकही आणला. पान लहान, फूट जोरात, नवशिक्याला सोयीचं झाड. त्याच्या पानांची घडी मिटते आणि आत काळे फुलकिडे भरतात. द्राक्षातल्या थ्रिप्सशी वर्षानुवर्षं झुंजलेल्या माणसाने आधी फवारणीच आठवली; मिटलेली पानं खुडून जाळणं हाच पहिला उपाय, हे नंतर कळलं.

2018 च्या फेब्रुवारीत प्राजक्ता काळे यांनी पुण्यात कृषी महाविद्यालयाच्या मैदानावर ‘बोन्साय नमस्ते’ हे आंतरराष्ट्रीय संमेलन भरवलं. हा बागाइतदारही गेला. हजारो झाडं, देशोदेशींची माणसं, आणि त्यांत कितीतरी वड, पिंपळ, पायर. इटलीत मिलानजवळच्या पाराबियागो येथे क्रेस्पी संग्रहालयात याच कुळातलं एक झाड आहे. त्याचं वय हजार वर्षांवर सांगितलं जातं. त्या आकड्यावर विश्वास ठेवायचा की नाही हे ज्याचं त्याने ठरवावं. पण ते झाड आजच्या रूपात यायला अनेक पिढ्यांचे हात लागले असणार, यात शंका नाही. इकडे संगमनेरजवळ पेमगिरीचा वड काही एकरांत पसरला आहे, पारंब्या टेकवत टेकवत. तिथे कोणाची कात्री पोचलेली नाही.

विहिरीतल्या त्या वडाच्या एका पारंबीने मात्र यंदा माती गाठली. पावसाळ्यातल्या दमट हवेत ती सुटली होती. त्याने शीतपेयाच्या नळीतून तिला सरळ खाली नेलं. आता ती बुंध्याला चिकटून जाड होईल.

मोकाट फांदी अजून तशीच आहे. मुलगी म्हणते, काढा, पुण्याच्या प्रदर्शनात ठेवू. त्याचं म्हणणं, बुंध्याच्या डाव्या अंगाला अजून पोकळ दिसतं; जूनपर्यंत बघू. फळछाटणीच्या मजुरांशी बोलून झालं आहे, त्यांतल्या एकाने जाता जाता फांदीकडे बोट दाखवून विचारलं, “मालक, ही राहिली का?”