सकाळचं गाणं तुझंही

चि. सौ. मुक्तास,


कोजागरी झाली की औंधचा संगीत महोत्सव आलाच. यंदा तुम्ही सगळे येताय, शिवाय तुझे मामा-मामीही. फार आनंद झाला. आता घर भरलं की तू पहाटेच ओट्याशी उभी राहणार, कांदे चिरणार, पोह्यांचे घाणे काढणार आणि सगळ्यांना खाऊ घालून पोचेपर्यंत सकाळचं सत्र सरलेलं असणार. दर वर्षी हे बघते आणि जीव तुटतो. घरात गाणं शिकलेली तू एकटी, आणि तोडी ऐकायला मिळते बाकीच्यांना!

पुण्या-मुंबईत मैफली बहुतेक संध्याकाळच्याच. भैरव, ललत, तोडी हे सकाळचे राग त्यांच्या वेळेला, समोर बसून ऐकायचे योग किती येतात? अंतूबुवा जोशींनी आपल्या गुरूंच्या, शिवानंद स्वामींच्या स्मरणार्थ 1940 साली औंधचा हा उत्सव सुरू केला. पुढे त्यांच्या मुलानं, गजाननबुवांनी तो निष्ठेनं चालवला. ग्वाल्हेर, आग्रा, जयपूर अशा तिन्ही घराण्यांची तालीम घेतलेला हा माणूस व्हायोलिनही तितक्याच ताकदीनं वाजवायचा. तुझे गुरुजी त्यांचं नाव निघालं की कानाला हात लावतात, हे तूच सांगितलंस ना? मग त्यांच्या गावात येऊन सकाळ स्वयंपाकघरात घालवायची नाही.

म्हणून यंदा नाश्ता आदल्या रात्रीच करून ठेवायचा. कोबीचं भानोळं. माझ्या माहेरी, पेणला, आई ते जाड बुडाच्या पातेल्यात करायची. खाली मंद विस्तव, झाकणावर निखारे. आपल्याकडे आता ओव्हन आहे, तेव्हा निखाऱ्यांची काळजी नाही.

अर्धा किलो कोबी अगदी बारीक चीर, मीठ लाव आणि दहा मिनिटं ठेव. त्याला पाणी सुटतं, ते टाकायचं नाही. त्यातच पीठ भिजवायचं. दोन वाट्या बेसन, अर्धी वाटी ज्वारीचं पीठ, हिरवी मिरची, आलं, हळद, मूठभर कोथिंबीर आणि चार-पाच चमचे तेल. पाणी लागलंच तर हातानं थोडं थोडं. पीठ चमच्यातून सरसरीत ओघळता कामा नये, थबकून पडायला हवं. पातळ झालं की मध्ये कच्चं राहतं.

माहेरी ह्यात ओलं खोबरं असायचं. इथे मी दाण्याचं कूट घालते, अर्धी वाटी. एक तर आपल्या भागात शेंगदाणा मुबलक; दुसरं म्हणजे आश्विनातल्या उकाड्यात ओलं खोबरं लवकर आंबतं. कुटाला ती भीती नाही. आणि सातारी जिभेला ते जास्त रुचतं, हे तुझ्या सासऱ्यांनी पहिल्याच घासाला सांगितलं होतं.

डब्याला तेल चोळ, तळाला तीळ पसर, मिश्रण दोन बोटं जाडीचं थाप, वरूनही तीळ भुरभुर. 180 अंशांवर पाऊण तासभर. सुरी घालून बघ, कोरडी निघाली आणि कडा तांबूस होऊन सुटल्या की झालं. पण तेव्हा कापायचं नाही! गरम असताना बेसन भुसभुशीत असतं, वड्या मोडतात. पूर्ण निवलं की घट्ट बसतं. रात्री झाकून फ्रिजमध्ये ठेवलं की सकाळी सुरी कशी सरळ जाते बघ. आणि मिरची-आल्याची चव मुरून ते आदल्या दिवसापेक्षा छानच लागतं.

सकाळी तव्यावर थेंबभर तेल सोडून वड्या दोन्हीकडून शेकायच्या. हे काम तुझ्या सासऱ्यांना सांगितलं आहे आणि त्यांनी कबूल केलं आहे. सोबत लसणाची चटणी आणि दही. चहाचं पाणी मी ठेवीन.

एवढ्या माणसांना दोन डबे लागतील. तुझ्याकडचा तो ॲल्युमिनियमचा केकचा डबा तेवढा बरोबर आण. कोबी आणू नकोस, इथल्या बाजारात ताजा मिळतो. तंबोरा मात्र आण, रात्री जेवणं झाल्यावर तू गा.

तुझी,
आई