रोडपालीची पहिली पंगत

गौरीगणपतीच्या दिवसांत जो कोणी पनवेलच्या बाजूस गेला असेल, त्यास तेथील रस्त्यांची दशा ठाऊक असेलच. मुंबई-पुणें द्रुतगति मार्ग कळंबोलीस सुरू होतो, आणि मुंबई-गोवा महामार्ग पळस्पे फाट्यावरून कोंकणांत उतरतो. त्यामुळें गांवाकडे निघालेला चाकरमानी, त्याचीं मुलेंबाळें आणि बोचकीं, सारें या टापूंत येऊन अडतें. अशा गर्दींतून वाट काढीत ता. 12 सप्टेंबर 2024 रोजीं, गौरीविसर्जनाच्या दिवशीं, मी रोडपालीस गेलों. माझा एक जुना विद्यार्थी तेथें राहतो. “गुरुजी, एकदां आमच्याकडे जेवायला या,” हें त्याचें निमंत्रण कित्येक वर्षें तसेंच राहिलें होतें.

रोडपाली आतां शोधावी लागते. 1970 सालीं सिडकोची स्थापना झाली, नव्या मुंबईसाठीं येथल्या भातशेतांचें संपादन झालें, आणि पुढें कळंबोलीच्या वसाहतीनें या गांवास आपल्या कवेंत घेतलें. 2016 सालीं पनवेल महानगरपालिका झाली, तेव्हांपासून हें गांव शहरच म्हणावयाचें. जवळच लोखंडाचा बाजार. तेथल्या मालमोटारींची घरघर दिवसभर चालते. तरीहि मोठा रस्ता सोडून आंत वळलें, कीं अरुंद गल्ली, ओटीवर बसलेलीं वृद्ध माणसें आणि गांवचें तळें, एवढें जुनें आगरी गांव अद्याप डोळ्यांस दिसतें.

विद्यार्थ्याच्या घरीं लहानथोर बावीस माणसें. चार भावांचा एकत्र संसार, त्यांत सणाचे पाहुणे. उंबरठा ओलांडतांना आरडाओरडा कानीं पडेल अशी माझी खात्री होती. परंतु तसें कांहींच घडलें नाहीं. स्वयंपाकघराच्या दाराशीं मुलांच्या वहींतला एक कागद चिकटविलेला होता. दूर्वा व फुलें कोणीं आणावयाचीं, नारळ कोणीं खवावयाचे, पिण्याचें पाणी कोणीं भरावयाचें, भांडीं कोणीं घासावयाचीं, हें त्यावर दिवसवार लिहिलें होतें; आणि त्या यादींत पुरुषांचीं व पोरांचीं नांवें बायकांच्या नांवांइतकींच होतीं. सारणासाठीं लागणारा गूळ आदल्या रात्रींच चिरलेला. दर्शनास येणाऱ्यांना सायंकाळची वेळ कळविलेली, त्यामुळें दुपारीं दोन ते चार घर अगदीं निवांत.

परंतु मला खरें नवल वाटलें तें पुढेंच. आरती झाली, नैवेद्य दाखविला, पाटपाणी झालें, आणि मी संवयीप्रमाणें पहिल्या पाटाकडे वळलों. विद्यार्थी संकोचून म्हणाला, “गुरुजी, आपण दुसऱ्या पंगतीला बसूं.” पहिल्या पंगतीस घरांतल्या सर्व स्त्रिया बसल्या. चौघे भाऊ वाढूं लागले. एकाची आमटी सांडली, दुसऱ्यानें मीठ वाढावयाचें विसरलें, त्यावर जावाजावांत हंशा पिकला. परंतु एकहि बाई पानावरून उठली नाहीं.

वाचकहो, तो हंशा ऐकतांना मी मात्र खालीं मान घालून बसलों होतों. पांचच दिवसांपूर्वीं, चतुर्थीला, माझ्या घरीं काय झालें होतें तें येथें सांगतों. आमचा गणपति दीड दिवसाचा. पूजा यथासांग व्हावी हा माझा आग्रह. एकवीस प्रकारच्या पत्रींत दोन कमी निघाल्या म्हणून मी पूजा थांबवून मुलास बाजारांत पिटाळलें. नैवेद्यास दोन वाजले. धाकटी सून आदल्या दिवशीं हरितालिकेचा कडकडीत उपवास करून पहांटेपासून उकड मळीत होती. पुरुषांची पंगत चालली असतां मोदकांचें ताट हातीं घेऊन येतांना तिला घेरी आली व ती दारांतच कोसळली. मोदक घरभर पसरले. आणि माझ्या तोंडून पहिला शब्द निघाला तो, “अरे, प्रसाद पायदळीं गेला!” सून दुसऱ्या दिवशीं उठून कामास लागली, पण त्यानंतर घरांत जी शांतता होती, ती कोणीहि इच्छूं नये अशी होती.

विद्यार्थ्याच्या मातोश्रींपाशीं मीं या पंगतीचें कारण विचारलें. त्या म्हणाल्या, “मास्तर, माझ्या सासूनें घातलेली रीत आहे ही. चुलीपाशीं जी तापली, तिनें आधीं जेवायचं. तिचं पोट भरलं कीं घर आपोआप गप्प राहतं.”

सायंकाळीं गौरी व गणपति तळ्यावर निघाले. वाद्यांचा गजर झाला, मुलें नाचलीं. परंतु बायकांच्या तोंडावर थकवा नव्हता. त्या सणाच्या धनिणी होत्या, मोलकरणी नव्हत्या.

परततांना मनांत एकच विचार घोळत राहिला. आपल्या षोडशोपचारांचा क्रम पाहावा: आवाहन, आसन, पाद्य, अर्घ्य, आचमन, स्नान. आलेल्या अतिथीस बसावयास द्यावें, त्याचे पाय धुवावे, त्यास पाणी द्यावें, हीच ती रीत. मूर्तीपुढें हे सोळा उपचार मीं आयुष्यभर बिनचूक केले. मात्र पहांटेपासून उभ्या असलेल्या सुनेस “जरा बैस” एवढें आसन मला देतां आलें नाहीं. घर शांत कसें ठेवावें यावर आपण पुष्कळ उपदेश करतों. परंतु एकाच्या श्रमावर विकत घेतलेली शांति टिकत नाहीं. ती कोठें तरी दारांत कोसळतेच.

2025 सालीं 27 ऑगस्टला चतुर्थी आली. जेवढी पत्री मिळाली तेवढी वाहिली, उरलेल्या जागीं अक्षता वाहिल्या. साडेबारांस नैवेद्य झाला. मग उपरणें कमरेस बांधून मीं स्वतः वाढावयास घेतलें. धाकटी सून पाटावर बसावयास तयार होईना. “मामंजी, तुम्ही आधीं,” असें पुनःपुन्हां म्हणूं लागली. मीं तिच्या पानांत मोदक वाढला आणि वर तूप घातलें. हात थरथरल्यानें तें थोडें पानाबाहेर सांडलें. ती हंसली. त्या वर्षीं गणपति आमच्या घरीं खऱ्या अर्थानें बसला असें मला वाटलें.