पंपिंग चांगलं आहे, पण तेवढं पुरेसं नाही

‘पंपिंग ६० टक्के, म्हणजे हृदय ठणठणीत!’ इकोच्या अहवालातला हा आकडा वाचून रुग्ण आणि नातेवाईक निर्धास्त होतात. सिस्टेमिक स्क्लेरोसिस, म्हणजे स्क्लेरोडर्मा असलेल्या रुग्णाचा इको करताना हृदयरोगतज्ज्ञ म्हणून मला मात्र या आकड्यापाशी थांबता येत नाही.

हा आजार पुरुषांपेक्षा स्त्रियांना कितीतरी अधिक होतो, तोही ऐन कर्त्या वयात. गार पाण्यात हात घातला की बोटं पांढरी, मग निळी पडतात. कातडी ताठरते, बोटं सुजतात, अंगठी चढेनाशी होते. भरकटलेली प्रतिकारशक्ती बारीक रक्तवाहिन्या बिघडवते आणि अवयवांमध्ये चिवट तंतू साठत जातात. हृदयाचा स्नायूही त्यातून सुटत नाही, हे बोस्टनचे सोमा वाइस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४३ सालीच दाखवलं होतं. ‘युस्टार’ या आंतरराष्ट्रीय नोंदवहीतल्या ५,८६० रुग्णांचा अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. थेट या आजाराने झालेल्या मृत्यूंपैकी २६ टक्के हृदयामुळे आणि आणखी २६ टक्के फुफ्फुसाच्या धमन्यांमधला दाब वाढल्यामुळे झाले होते. म्हणजे निम्म्या मृत्यूंचा माग हृदयाच्या तपासणीत लागू शकतो.

म्हणून मी आधी हृदयाची उजवी बाजू पाहतो. फुफ्फुसात रक्त ढकलण्याचं काम तिचं. उजव्या झडपेतून मागे गळणाऱ्या रक्ताचा वेग सेकंदाला २.८ मीटरपेक्षा जास्त भरला, की दाबाची शंका येते. उजवा कप्पा आकुंचन पावताना झडपेची कड किती सरकते, तेही मोजतो. दाब वाढलेल्या स्क्लेरोडर्माच्या रुग्णांमध्ये हे अंतर १.७ सेंटिमीटर किंवा त्याहून कमी असेल, तर मृत्यूचा धोका जवळपास चौपट असल्याचं २०११ च्या एका अमेरिकी अभ्यासात आढळलं. मग डावी बाजू. तिचं आकुंचन उत्तम असतं, पण ठोक्यानंतर ती नीट सैलावते का? ऑस्लोच्या डॉक्टरांनी २०१८ मध्ये दाखवलं, की हे सैलावणं बिघडलेल्या रुग्णांचं आयुर्मान घटतं. पंपिंगच्या टक्केवारीत हे कुठेच दिसत नाही.

इकोला स्नायूच्या आतला पोत नीट कळत नाही. त्यासाठी हृदयाचा एमआरआय. गॅडोलिनियम हे द्रव्य शिरेतून दिलं, की व्रण पडलेली जागा उजळ दिसते. हृदयविकाराच्या झटक्याचा व्रण बंद पडलेल्या धमनीच्या हद्दीत, आतल्या अस्तरापासून सुरू होतो. स्क्लेरोडर्मात तो बरेचदा भिंतीच्या मधल्या थरात, रेघेसारखा असतो. अशा व्रणातून जीवघेणे अनियमित ठोके उद्भवू शकतात. स्नायूतली सूज ताजी आहे की जुना व्रण, याचाही अंदाज एमआरआयवरून येतो. या आजारात मूत्रपिंडंही बिघडू शकतात, म्हणून गॅडोलिनियम देण्याआधी त्यांची तपासणी हवीच.

‘हे सगळं आधी कळून उपयोग काय? उगाच धास्ती!’ असं नातेवाईक विचारतात. प्रश्न रास्त आहे. अभ्यासातले आकडे अनेक रुग्णांचे मिळून असतात. समोर बसलेल्या एका व्यक्तीचं आयुष्य त्यावरून मोजू नये, आणि मी ते मोजतही नाही. पण त्या आकड्यांवर पुढची पावलं ठरतात. दाबाची शंका असेल, तर कॅथेटर घालून तो प्रत्यक्ष मोजता येतो आणि औषधं वेळेत सुरू होतात. व्रण दिसला, तर ठोके नोंदवणारं होल्टर यंत्र लावून ते तपासता येतात. ताजी सूज असेल, तर संधिवाततज्ज्ञांशी बोलून प्रतिकारशक्तीला आवर घालणारे उपचार वाढवता येतात.

म्हणून स्क्लेरोडर्माच्या प्रत्येक रुग्णाला माझं कळकळीचं सांगणं आहे: काही त्रास नसला तरी दरवर्षी इको करा. जुने अहवाल जपून ठेवा आणि ते सोबत आणा, कारण एका आकड्यापेक्षा तो कुठल्या दिशेने सरकतोय, हे आम्हाला अधिक सांगून जातं. जिना चढताना लागणारी धाप ‘वय झालं’ म्हणून अंगावर काढू नका. आणि पंपिंग चांगलं आहे असं कळलं, की डॉक्टरांना पुढचा प्रश्न जरूर विचारा: ‘उजवी बाजू कशी आहे?’