वडील येतात, आई येते

पाचवी ते आठवीच्या मुलामुलींना इंग्रजी शिकविताना कर्ता व क्रियापद यांच्या मेळाला आम्हां शिक्षकांना सर्वाधिक वेळ द्यावा लागतो. नियम तसा दोन ओळींचा. वर्तमानकाळात कर्ता तृतीयपुरुषी एकवचनी असेल, तर क्रियापदाला ‘स’ लागतो. अनेकवचनी असेल, तर लागत नाही. ‘द बॉय रन्स’, ‘द बॉइज रन’. भूतकाळात एकाला ‘वॉज’, अनेकांना ‘वेअर’. फळ्यावर हे सर्वांना समजते. वहीत मात्र ‘माय फादर वर्क इन द फील्ड’ असे वाक्य उतरते.

त्यावर लाल रेघ ओढण्यापूर्वी ते कोठून आले, हे पाहण्याची सवय आम्ही लावून घेतली आहे. मराठीत वडील ‘येतात’. एकाच व्यक्तीला आदरापोटी आपण अनेकवचन देतो आणि मूल हा घरचा संस्कार इंग्रजीतही नेते. १४ एप्रिलच्या निबंधात ‘बाबासाहेब वेअर बॉर्न इन महू’ असे लिहिणाऱ्या मुलाला वचन कळते. बाबासाहेबांना एकवचनी संबोधण्यास त्याचे मन धजत नाही.

म्हणून आम्ही फळ्याचे दोन भाग करतो. डावीकडे मराठी, उजवीकडे इंग्रजी. मराठी क्रियापद लिंग, वचन आणि आदर या तिन्हींचा भार वाहते. इंग्रजीत आदर ‘डॉक्टर’, ‘सर’, ‘प्लीज’ अशा शब्दांत आणि बोलण्याच्या सुरात राहतो. एवढे उलगडले, की ‘वॉज’ लिहिताना हात अडखळत नाही.

दुसरी अडचण शब्दक्रमाची. ‘पुस्तकांची पेटी जड आहे’ यात पेटी क्रियापदाच्या जवळ असते. ‘द बॉक्स ऑफ बुक्स इज हेवी’ यात मात्र मध्ये पुस्तके येतात आणि मुले ‘आर’ लिहितात. तेव्हा आम्ही मराठीतच विचारतो, “जड काय आहे?” उत्तर येते, “पेटी.” कर्ता सापडला, की क्रियापद आपोआप सापडते.

सातवीच्या वर्गात एका मुलीने विचारले, “सर, म्हणजे इंग्रजीत आईलाही वर्क्स आणि वडिलांनाही वर्क्स? दोघे सारखेच?” आपण वडिलांना ‘येतात’ म्हणतो आणि आईला ‘येते’, हे त्या दिवशी वर्गाला प्रथमच जाणवले. आईच्या एकवचनात जिव्हाळा आहे, असे आम्ही सांगितले आणि ते खरेही आहे. तरी तिचा प्रश्न आम्हांला मोलाचा वाटतो. दोन भाषा शेजारी ठेवल्या, की माणूस आपल्या घराकडेही नव्याने पाहू लागतो.

आमच्या शाळेतील अनेक मुले घरातील पहिलीच इंग्रजी शिकणारी. ‘तुला इंग्रजी येत नाही’ हे एक वाक्य त्यांना वर्षानुवर्षे मुके करू शकते. माजी विद्यार्थ्यांना व पालकांना आमची एवढीच विनंती, की धाकट्यांची वही पाहताना सुटलेला ‘स’ जरूर दाखवावा. आधी मात्र त्या वाक्यामागची मराठी त्यांच्याकडून ऐकून घ्यावी.